सेन्सर पीएम२.५ आणि पीएम१० जवळपास सारखेच दाखवतोय, पण शाळेच्या ओसरीवर काळा थर. यंत्र चुकतंय की आम्ही?

निरगुडाकाठ

राम राम मंडळी. गाव वणीकडचं, कोळसा पट्ट्यातलं. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. शाळेच्या कुंपणापासून डांबराची कड फक्त १२ मीटर. हा रस्ता गावाबाहेरून जावा म्हणून काढलेला बायपास होता. मग दोन्ही अंगांनी लेआउट पडले, दुकानं आली, आणि बायपासच गावाच्या मधात आला. खाणीचे हायवा (कोळशाचे मोठे टिपर ट्रक), सिमेंटचे बल्कर, काळीपिवळ्या, ऑटो, दुचाक्या, सारं इथूनच जातं. रस्त्याला साईडपट्टी म्हणून नुसती माती आहे.

शाळा व्यवस्थापन समितीनं एक सेन्सर बसवला. आत पीएमएस५००३ (लेझरनं धूळकण मोजणारी डबी), ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डावर जोडलेला, दर दोन मिनिटांनी आकडा. बसवलाय ओसरीच्या खांबावर, जमिनीपासून दीड मीटर. जानेवारीतले आकडे साधारण असे (पीएम२.५ म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण, पीएम१० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आकडे मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर):

सकाळी ६ ते ९: पीएम२.५ ११५, पीएम१० १३२
दुपारी १ ते ४: पीएम२.५ ४२, पीएम१० ४८
रात्री ८ ते ११: पीएम२.५ ९०, पीएम१० १०४

अडचण अशी की ओसरीचा कठडा सकाळी पुसला तर संध्याकाळी बोट काळं होते. एवढी धूळ असून पीएम१० इतका कमी कसा? आणि दुपारी हायवा सकाळइतकेच असतात, तरी दुपारचा आकडा तिसऱ्या हिश्श्यावर कसा येतो? ग्रामसभेत ठराव घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायचं आहे. तिथं हे आकडे टिकतील काय? आणि मंडळ येईपर्यंत शाळेनं, पंचायतीनं स्वतः काय करायचं?


धूळमापी

पहिलं पीएम१० चं सांगतो, कारण अर्ध्या तक्रारी तिथंच पडतात.

तुमचे तिन्ही वेळचे आकडे भागून पाहा. १३२ भागिले ११५ म्हणजे १.१५. ४८ भागिले ४२ म्हणजे १.१४. १०४ भागिले ९० म्हणजे १.१६. ट्रक येवोत की जावोत, गुणोत्तर हलतच नाही. खरी मोजणी असती तर हायवा गेल्यावर पीएम१० उडी मारता आणि पीएम२.५ जागेवर राहता. हा सेन्सर पीएम१० मोजत नाही. बारीक कण पाहून मोठे किती असतील याचा अंदाज बांधतो आणि तो आकडा छापतो.

कारण आत दडलंय. डबीत एक लेझर आणि एक चिमुकला पंखा असतो. पंखा हवा ओढतो, कणावर उजेड पडून विखुरतो, समोरचा डायोड तो उजेड टिपतो. पंख्याचा ओढा कमी आणि आत हवेला काटकोनात वळावं लागतं. जड कण वळत नाही, भिंतीला चिकटतो नाहीतर तोंडाशीच राहून जातो. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दिसलंय की साधारण १ मायक्रॉनच्या वरचा कण याला फारसा दिसतच नाही. कोळशाची भुकटी आणि रस्त्याचा फुफाटा बहुतेक २.५ मायक्रॉनच्या वरचा. म्हणजे तुमची मुख्य तक्रार ज्या कणांची, तेच या यंत्राला दिसत नाहीत.

म्हणून अर्जात या सेन्सरचा पीएम१० लिहूच नका. समोरच्यानं एकदा तो आकडा धरला की तुमच्याच कागदावरून 'धूळ मर्यादेच्या जवळपासच आहे' असं सिद्ध करून देईल. देशाची २४ तासांची मर्यादा पीएम१० साठी १०० आणि पीएम२.५ साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, २००९ च्या अधिसूचनेप्रमाणे. वर्षाची सरासरी अनुक्रमे ६० आणि ४०. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे आकडे बरेच कडक आहेत, २४ तासांना ४५ आणि १५, पण मंडळाच्या टेबलावर आपलेच धरतात.

पीएम२.५ चे आकडे मात्र कामाचे आहेत, नीट घेतले तर. त्यात काय काय चुकतं ते पाहा.

एक, ओल. जानेवारीत पहाटे नदीकाठी धुकं असते, आर्द्रता ९० च्या वर जाते. कण पाणी पिऊन फुगतो, जास्त उजेड विखुरतो, सेन्सर त्याला जास्त धूळ समजतो. अगदी स्वस्तातला नाही, थोडा बरा आर्द्रता सेन्सर शेजारी लावा आणि ७०-७५ टक्क्यांच्या वरचे तास वेगळ्या रंगानं दाखवा. ते तास फेकू नका, फक्त त्यांच्यावर दावा उभा करू नका. इंटरनेटवर अमेरिकेचं एक दुरुस्ती सूत्र फिरते, आर्द्रता घालून आकडा बदलणारं. ते तिथल्या हवेवर बसवलेलं आहे, कोळशाच्या पट्ट्यात उचलून वापरू नका.

दोन, हा सेन्सर दोन प्रकारचे आकडे बाहेर टाकतो. एक कारखान्यातल्या हवेसाठीचा, एक बाहेरच्या हवेसाठीचा. हवा स्वच्छ असताना दोन्ही सारखे, पण मळल्यावर पहिला दुसऱ्याच्या दीडपटीपर्यंत जातो. प्रोग्राममध्ये कोणता रकाना घेतलाय ते पाहा. काही लोक अर्धा महिना एक आणि अर्धा महिना दुसरा घेतात आणि मग आलेख वर चढल्यावर खाणीला दोष देतात.

तीन, शाळेची चूल. पोषण आहार कुठं शिजतो? खिचडीची चूल ओसरीच्या वाऱ्यात असेल तर दहा-साडेदहाचा आकडा हायवाचा नाही, चुलीचा आहे. तसंच फेब्रुवारी-मार्चात शेतात पऱ्हाट्या जाळतात, तो धूरही यात येतो.

आता दुपारचा प्रश्न. ट्रक तेवढेच, आकडा तिसरा हिस्सा, यात यंत्राची चूक नाही. हिवाळ्यात रात्री जमीन थंड होते, तिच्यावरची हवाही थंड होऊन खाली बसते आणि वर गरम हवेचं झाकण पडते. तोच धूर कमी उंचीच्या डब्यात कोंडतो. ऊन चढलं, जमीन तापली की झाकण उचलते आणि तेवढाच धूर कितीतरी जास्त हवेत पसरतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळी ९ च्या आत आणि सूर्य मावळल्यावर आकडे चढतात. यात गावातल्या सगळ्या चुलीपण मिसळलेल्या असतात.

रस्त्याचा वाटा वेगळा काढायला दुसरा सेन्सर लागेल, हाच, याच कंपनीचा. पहिले दोन्ही एकाच खांबावर सात दिवस ठेवा. तासाच्या सरासऱ्या एकासमोर एक मांडा. एक दुसऱ्यापेक्षा १० टक्के जास्त दाखवत असेल तर तेवढं कायम वजा धरा. मग जुना ओसरीवरच राहू द्या आणि नवा रस्त्यापासून ३०० मीटर आत, चूल आणि उकिरडा टाळून. वाहनांचा धूर रस्त्यापासून साधारण दीडशे ते तीनशे मीटरांत गावच्या हवेत मिसळून जातो, म्हणून एवढं अंतर. दोघांतला फरक, वारा रस्त्याकडून शाळेकडे असतानाचा, हा तुमच्या रस्त्याचा आकडा. वाऱ्यासाठी काठीला रिबन बांधून सकाळ-दुपार-संध्याकाळ दिशा वहीत लिहिली तरी चालते.

डबी लावताना तोंड खाली. वरून पीव्हीसीची एल्बो किंवा छत्री. उन्हात बंद डब्यात ठेवू नका, याची सहनशक्ती ६० अंशांपर्यंत आणि मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात तेवढं तापमान सहज होते. तोंडाशी कोळी जाळं करतो, ते दर आठवड्याला पाहा.


निरगुडाकाठ

गुणोत्तराचं डोक्यातच आलं नव्हतं. महिनाभराचा सगळा डेटा तपासला, १.१२ च्या खाली नाही आणि १.१८ च्या वर नाही. खिचडीची चूल ओसरीपासून १५ मीटरवर आहे, पूर्वेला.

मग धुळीचा खरा आकडा काढायचा कसा? यंत्र घेणं शक्य नाही.


गाळणी२००

खरा पीएम१० वजनाने काढतात. रेस्पिरेबल डस्ट सॅम्पलर नावाचं खोकं असते, मंडळाकडे आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडे आहे. मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा काचतंतूच्या गाळणीतून ओढते. २४ तासांत १५८४ घनमीटर. गाळणीचं वजन आधी आणि नंतर. समजा ०.३१६८ ग्रॅम वाढलं, तर ते भागिले १५८४ म्हणजे २०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. कोळशाच्या रस्त्यावर गाळणी लवकर चोंदते आणि हवेचा ओघ पडतो, म्हणून आठ-आठ तासांच्या तीन गाळण्या मागा. एकच गाळणी २४ तास ठेवली असेल तर सुरुवातीचा आणि शेवटचा प्रवाह कागदावर आहे काय ते बघा. पीएम२.५ ची गाळणी त्याहून नाजूक. मिनिटाला १६.७ लिटर, दिवसाला २४ घनमीटर, म्हणजे मर्यादेच्या हवेतही गाळणीवर जेमतेम १.४४ मिलिग्रॅम बसते. त्याला सूक्ष्म तराजू लागतो, ते गावात होत नाही.

पण गावात होणारं एक काम आहे आणि त्याचा कागद मंडळासमोर चांगला उभा राहतो. रस्त्यावरचा फुफाटा तोलायचा.

रस्ता कोरडा पाहिजे, निदान तीन-चार दिवस पाऊस नाही आणि टँकरही नाही. पोलीस पाटील आणि वाहतूक पोलिसाला आधी सांगून एका लेनची वाहतूक दहा मिनिटं थांबवा. हे न करता रस्त्यावर बसू नका, हायवाला थांबायला जागा लागते. डांबराच्या कडेपासून मधल्या पट्ट्यापर्यंत, साधारण साडेतीन मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद पट्टा खडूनं आखा. पावणेदोन चौरस मीटर होते. मोठे खडे हातानं बाजूला काढायचे नाहीत, जे आहे ते सगळं घ्यायचं. मऊ ब्रशनं एका बाजूला आणा, राहिलेलं छोट्या व्हॅक्युमनं ओढा, नवी पिशवी आधी तोललेली. झाडूनं जोरात झाडलं तर जे मोजायचं तेच उडून जाते. असे पट्टे तीन घ्या: शाळेसमोर, खाणीच्या बाजूला अर्धा किलोमीटर, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला.

नमुना ११० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवायचा, मग २०० नंबरच्या चाळणीतून चाळायचा, म्हणजे ७५ मायक्रॉन. खाली पडते ती बारीक माती. जवळच्या पॉलिटेक्निकच्या माती प्रयोगशाळेत ओव्हन आणि चाळणी दोन्ही असतात. समजा एका पट्ट्यातून १७.५ ग्रॅम खाली आलं, भागिले १.७५, म्हणजे चौरस मीटरला १० ग्रॅम.

आता अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं डांबरी रस्त्यासाठीचं सूत्र आहे. एका वाहनानं एक किलोमीटरला किती पीएम१० उडवलं (ग्रॅममध्ये) = ०.६२ × (फुफाटा)चा ०.९१ घात × (सरासरी वजन)चा १.०२ घात. फुफाटा म्हणजे चाळणीखालची बारीक माती, ग्रॅम प्रति चौरस मीटर. वजन रस्त्यावरच्या सगळ्या वाहनांची सरासरी, दुचाकी धरून, आणि ते अमेरिकी टनात (९०७ किलो). फक्त हायवाचं वजन टाकू नका, सूत्र तसं बनलेलंच नाही आणि कोणी पकडलं तर पूर्ण कागद खोटा ठरेल.

सरासरी वजन २० टन धरा. फुफाटा १० असला तर उत्तर येते सुमारे १०७ ग्रॅम. तोच २ वर आणला तर सुमारे २५ ग्रॅम. तुलनेला नवीन बीएस-६ (धुराच्या सरकारी मर्यादेचा टप्पा) ट्रकच्या धुरातून कण किती निघू द्यायचे, तर प्रति किलोवॅट-तास ०.०१ ग्रॅम. म्हणजे किलोमीटरला ग्रॅमचा बारीक तुकडा. तुमच्या कठड्यावरचं काळं बहुतेक फुफाट्यातून येतंय, सायलेन्सरमधून नाही. सूत्र अंदाजाचं आहे, पण कमी-जास्त कशानं होते हे ते स्पष्ट दाखवते: वाहनं तेवढीच ठेवून नुसता रस्ता साफ केला तर पाऊण धूळ जाते.


कार्ब्युरेटर_काका

वरच्या हिशोबाशी वाद नाही, पण ग्रॅम पाहून धुराला मोकळं सोडू नका. फुफाट्याचा कण मोठा, बराचसा नाकात-घशात अडकतो. डिझेलचा कण ०.१ मायक्रॉनच्या आसपासचा, फुफ्फुसाच्या शेवटच्या पोकळीपर्यंत जातो. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्ये पहिल्या गटात टाकलंय, जिथं तंबाखू आहे तिथं. आणि ०.३ मायक्रॉनच्या खालचा कण तुमच्या सेन्सरलाही नीट दिसत नाही, म्हणून आकडा कमी आला तरी धूर कमी समजू नका.

धुराचा रंग वाचता आला पाहिजे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पहिला संशय एअर फिल्टरवर. कोळशाच्या रस्त्यावर तो पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या कितीतरी आधी चोंदतो, आणि आपटून-झटकून परत बसवतात तेव्हा कागदाला चिरा पडतात. मग टर्बोच्या होजमधली गळती, मग नोझल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा टर्बोची सील. पांढरा धूर थंड इंजिनात सकाळी थोडा चालतो, गरम झाल्यावरही राहिला तर कूलंट नाहीतर टायमिंग.

बीएस-६ गाडी, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतर नोंदलेली, हिच्या सायलेन्सरमधून काळा धूर दिसता कामा नये. आत कणांची गाळणी असते. धूर दिसला तर गाळणी फुटली आहे किंवा कापून काढली आहे. दुसरी लबाडी डोळ्याला दिसत नाही. या ट्रकना युरियाचं पाणी लागते, ३२.५ टक्के, १०० लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ६ लिटर. ते वाचवायला काही लोक वायरिंगमध्ये चिप घालतात, गाडीला वाटते युरिया सुटतोय. धूर पारदर्शक, पण नायट्रोजन ऑक्साइड कित्येक पटींनी. ट्रकवाला महिन्याला किती डीईएफ (हेच युरियाचं पाणी) भरतो हे विचारलं की कळते.

पीयूसीवर भरवसा किती? डिझेलच्या चाचणीत इंजिन गरम करून पेडल एकदम तळापर्यंत दाबायचं, गव्हर्नर (इंजिनाचा वेग रोखणारा भाग) इंजिनाला अडवेपर्यंत, आणि असं अनेकदा. जुन्या गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचं माप), बीएस-४ ला ५०. चाचणी घेणाऱ्याच्या पायाकडे पाहा: पाय अर्ध्यावर थांबला की कसलीही गाडी पास. आणि ही चाचणी रिकाम्या उभ्या गाडीची आहे, २५ टन भरून चढावर दुसऱ्या गिअरात ओढणाऱ्या गाडीची नाही. नायट्रोजन ऑक्साइड तर त्यात मोजलंच जात नाही. तरीपण पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे, तेवढा धाक चालतो.

शाळेसमोर गतिरोधक आहे काय? असेल तर त्याचं ठिकाण बघा. प्रत्येक भरलेला हायवा तिथं थांबायला येतो आणि पहिल्या गिअरात उचलतो, सगळ्यात जास्त धूर तिथंच सुटतो. गतिरोधक काढायचा नाही, पोरं आहेत. दोन्ही बाजूंना शाळेपासून ६०-७० मीटर दूर सरकवा, म्हणजे वेग शाळेसमोर कमीच राहील आणि उचल पुढं होईल. रेल्वे फाटक जवळ असेल तर तिथं उभ्या गाड्यांची इंजिनं बंद करायला लावा. मोठा ट्रक नुसता उभा घुरघुरत राहिला तरी तासाला दोन-तीन लिटर डिझेल जाळतो, हे ड्रायव्हरला सांगितलं की तो स्वतःच चावी फिरवतो. मालकाला सांगितलं तर आणखी लवकर.


पाटीलवाडा

इतका हिशोब कायले राजेहो? ग्रामपंचायतीचा टँकर सकाळ-संध्याकाळ मारा, धूळ बसते. आमच्याकडे तेच करतात.


गाळणी२००

टँकर मारा, पण किती आणि कधी ते पाहून. ७ मीटर रुंद रस्त्याचा एक किलोमीटर म्हणजे ७००० चौरस मीटर. चौरस मीटरला अर्धा लिटर पुरतो, म्हणजे ३५०० लिटर. ट्रॅक्टरचा ५००० लिटरचा टँकर सव्वा-दीड किलोमीटरला पुरला पाहिजे. प्रत्यक्षात पाइपला मोठी भोकं पाडून तो अर्ध्या किलोमीटरातच सांडतात. मग चिखल होतो, चाकाला चिकटतो, पुढं पन्नास मीटरवर वाळून पुन्हा फुफाटा. पाण्यानं धूळ जात नाही, फक्त थांबते. मे महिन्यात ४५ अंशांत अर्ध्या तासात रस्ता कोरडा. आणि उन्हाळ्यात गावाच्या विहिरी आटलेल्या असताना रस्त्यावर रोज दहा हजार लिटर ओतायचे म्हणजे पंचायतीत भांडण.

क्रम उलटा करा. हलका शिडकावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग कडेचा एक मीटर ओलसर असतानाच फावड्यानं आणि झाडूनं ओढून गोळा करा. सगळ्यात जास्त माती तिथंच साचते. गोळा केलेलं ट्रॉलीत भरून खड्ड्यात पुरा, रस्त्याच्या बाजूला ढीग लावला तर तिसऱ्या दिवशी परत डांबरावर. हे आठवड्यातून दोनदा, पोरं शाळेत यायच्या आधी. कोरडं झाडू नका, झाडणाऱ्याला तोंडाला एन९५ द्या, रुमाल कामाचा नाही.

आणि मूळ? मूळ साईडपट्टी आहे. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीचं चाक मातीत उतरते आणि माती घेऊन परत डांबरावर चढते. शाळेच्या दोन्ही अंगांना २०० मीटर साईडपट्टी दीड मीटर रुंद पेव्हर ब्लॉकनं किंवा काँक्रीटनं बांधली तर फुफाटा बराच कमी होतो, रोज टँकर न मारता. दुसरं मूळ खाणीच्या दारात आहे: चाकं धुवायची जागा. बाहेर पडणारा हायवा चाकातला काळा चिखल पहिल्या दोन किलोमीटरांत उतरवत जातो.

हायवाच्या मागं उभं राहून एकदा नीट पाहा. वर ताडपत्री आहे, फोटोत छान दिसते. दोरी पुढच्या दोन कड्यांना, मागं मोकळी, वाऱ्यावर फडफडते. माल बॉडीच्या कडेपेक्षा वर, शिखरासारखा. आणि मागचा फाळका बॉडीला पूर्ण टेकत नाही, खालच्या फटीतून दर खड्ड्याला मूठभर भुकटी गळते, रस्त्यावर काळी रेघ ओढत. माल कडेच्या खाली एक वीत, फाळक्याला रबरी पट्टी, ताडपत्री चारही बाजूंनी बांधलेली. तिन्ही गोष्टी खाणीच्या काट्यावरच तपासता येतात, वजन करतात तिथं.


अर्जदार

कागदाचं मी सांगतो.

थेट 'प्रदूषण होत आहे, कारवाई व्हावी' असा अर्ज करू नका. त्याला ठरलेलं उत्तर येते. आधी खाणीचं पर्यावरण मंजुरीपत्र काढा. केंद्राच्या परिवेश पोर्टलवर मिळते, खाणीच्या नावानं शोधा. त्यात अटी क्रमांकासह असतात: ताडपत्री, पाणी मारणं, वाहतुकीचा रस्ता, झाडं. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मंजुरीधारकानं दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. तो वेबसाइटवर नसेल तर माहिती अधिकारात मागा, फी १० रुपये. मंडळाचं संमतीपत्रही मागा.

मग तुमचा अर्ज असा: अट क्रमांक अमुक म्हणते की ताडपत्रीनं झाकलेली वाहतूक. सोबत तारीख-वेळ असलेले फोटो, वाहनांची मोजणी, फुफाट्याचं वजन पॉलिटेक्निकच्या पत्रासह. मागणी एकच आणि मोजता येईल अशी: शाळेच्या आवारात सलग दोन दिवस पीएम१० आणि पीएम२.५ ची २४ तासांची मोजणी करावी, हिवाळ्यात, अहवालाची प्रत ग्रामपंचायतीला. दोन दिवस यासाठी की नियम वर्षात २ टक्के वेळा मर्यादा ओलांडू देतो, पण सलग दोन दिवस नाही.

वाहनमोजणी १५-१५ मिनिटांची करा, पाच रकाने: दुचाकी, ऑटो-काळीपिवळी, कार-जीप, भरलेला ट्रक, रिकामा ट्रक. दिवसातून सहा वेळा, तीन दिवस. मोजणाऱ्यानं वहीवर सही करावी.

शाळेच्या वेळेत जड वाहनं वळवायची असतील तर मोटार वाहन कायद्याचं कलम ११५ आहे, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, प्रत पोलीस अधीक्षकांना. पूर्ण बंदी मागितली तर मिळत नाही. सकाळी शाळा भरताना आणि सुटताना पाऊण-पाऊण तास मागा. जास्तीचा माल असेल तर कलम १९४, दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २०००, ते आरटीओकडं.

साईडपट्टीच्या पैशासाठी राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाकडं पाहू नका. २०१९ पासूनचा तो निधी शहरांचा आहे, आपल्याकडे नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला. यांत्रिक झाडू त्यांच्याच महापालिकांना मिळतात. खेड्यातल्या आणि तालुक्याच्या रस्त्यावर तेवढेच ट्रक असले तरी नाव यादीत नाही. तुमच्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, २०१५ च्या कायदा दुरुस्तीतून आलेलं. खाणीनं बाधित गावांसाठीच तो पैसा आहे आणि प्रदूषण नियंत्रण त्यात अग्रक्रमाच्या कामांत मोडते. म्हणून प्रस्तावाचं नाव 'रस्ता दुरुस्ती' ठेवू नका, 'शाळेसमोरील धूळ नियंत्रण: साईडपट्टी पक्की करणे' ठेवा. रस्ता म्हटलं की फाइल दुसऱ्या ढिगात जाते.


धूळमापी

शाळेपुरतं थोडं राहिलं. परिपाठ पुढच्या मैदानात होत असेल तर इमारतीच्या मागं न्या. सकाळच्या हवेत पोरं मोठ्यानं म्हणतात, खोल श्वास घेतात. खेळाचा तास दुपारी. रस्त्याकडच्या खिडक्या सकाळी बंद, मागच्या उघड्या, दुपारी सगळ्या उघड्या. कुंपणाची भिंत दोन मीटर करता आली तर जमिनीलगतचा फुफाटा बराच अडतो. करंज, कडुनिंब लावा, पण दाट दोन-तीन ओळी आणि खालून झुडूप असलं तरच. एकेक झाड अंतरानं लावलं तर सावली मिळते, धूळ नाही अडत. पीएम२.५ साठी झाडांकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आणि चूल ओसरीच्या पूर्वेला आहे म्हणालात. हिवाळ्यात पूर्वेकडचा वारा असला की धूर थेट सेन्सरवर. चुलीपायी सेन्सर हलवू नका, मागचे आकडे वाया जातील. चूल पेटवायची आणि विझवायची वेळ रोज वहीत लिहा, तेवढे तास वेगळे काढता येतात.


निरगुडाकाठ

गुरुजींनी चुलीची वही आजपासून सुरू केली. शेवटचं एक, पॉलिटेक्निकवाले म्हणतात कोळसा ११० अंशांवर ओव्हनमध्ये रात्रभर ठेवायचा नाही, पेट घेईल. खरं काय?


गाळणी२००

बरोबर म्हणतात. नमुन्यात कोळसा असेल तर रात्रभर नको, दीड तास पुरे. ट्रेमध्ये पातळ पसरा, एक सेंटिमीटरपेक्षा जाड नाही. आणि चाळायच्या आधी पूर्ण थंड होऊ द्या, गरम नमुना तराजूवर ठेवला तर वजन कमी दाखवतो.